बिनकाठाचा पट्टा

जानेवारी १९७६ मध्ये सोलापूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीतले यंत्र पहिल्यांदा पूर्ण जोडून चालू करण्यात आले. ते चाळीस हजार व्होल्टवर जाऊन थांबले. साडेतीन लाखांपर्यंत जाईल असा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवले, पुन्हा तेच झाले.

यंत्र दिसायला फारसे काही नव्हते. माणसाच्या दीडपट उंचीचा एक खांब आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमचा चकचकीत गोळा. लग्नाच्या जेवणावळीत भाताला वापरतात तसली दोन मोठी पातेली तोंडाला तोंड लावून जोडली होती, तोच हा गोळा. खांबाच्या पोटातून एक पट्टा वर-खाली फिरायचा. खाली त्याच्यावर विजेचा भार चढवायचा आणि वर गोळ्यात तो उतरवून घ्यायचा. विहिरीवरचा रहाट पाणी वर आणतो, तसा पट्टा भार वर आणतो. गोळ्यात जितका भार साठेल, तितका विजेचा दाब, म्हणजेच व्होल्ट, जास्त. पट्ट्याच्या शेजारून काचेची एक नळी वरपासून खालपर्यंत येत होती. तिच्यातली हवा पंपाने काढून घेतली होती. वरच्या टोकाला इलेक्ट्रॉन सुटायचे, दाबाने वेग घ्यायचे आणि खालच्या पडद्यावर आदळायचे. हा झोत वाटेत किती पसरतो आणि चुंबकाने तो किती आवळता येतो, हा यादगिरी बोद्धूल याच्या पीएच.डी.चा विषय होता.

यादगिरी त्या विभागात अधिव्याख्याता होता. वय बत्तीस, लग्न झालेले नव्हते. प्रबंधाची मुदत एकदा वाढवून मिळाली होती आणि पुन्हा मिळणार नाही असे त्याला कळवण्यात आले होते. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात अनुदान समिती येणार होती. तिला झोत दाखवता आला तर अनुदान आणखी तीन वर्षे चालू राहणार. दाखवता आला नाही तर यंत्र मोडून सुटे भाग विद्यापीठात जमा व्हायचे होते, आणि यादगिरीकडे बी.एस्सी.चे तास तेवढे उरले असते.

विभागप्रमुख प्रा. हेरलेकर यांनी दोष आधी काचेच्या नळीच्या सांध्यांना दिला. सांधे वर्कशॉपमधल्या सिद्रामप्पाने भरले होते.

"सिद्रामप्पा, तुमच्या सांध्यांतूनच गळतंय हे."

"सांधं गळालं असतं तर पंप वरडला असता, सर. त्यो गप हाय. गोळ्यात दोष म्हनावा तर गोळा बी मीच केला. म्हंजे शेवटी माज्यावरच येनार की."

"येणारच. या खोलीत तुमचा हात न लागलेलं आहे काय?"

"पट्टा," सिद्रामप्पा म्हणाला. "त्यो आमच्या बोद्धूल सरांच्या वडलांचा."

तिघेही हसले. सांधे उकलून पुन्हा भरण्यात जानेवारी संपला. यंत्र चाळीस हजारांवरच थांबत राहिले.

असा पट्टा परदेशातून मागवायचा तर आयात परवाना लागे आणि परवान्याला दोन वर्षे लागत. पट्ट्याला जोड असून चालत नाही. जोडाच्या जागी ठिणगी पडते. यादगिरीनेच उपाय सुचवला होता. उशीच्या अभ्र्यासारखे दुपदरी, बाजूंनी बंद कापड चादरीच्या रुंद मागावर विणायचे आणि बांगडी कापावी तसा त्याचा तुकडा आडवा कापून घ्यायचा. विणणारा शोधावा लागला नाही. साखर पेठेत त्याचे वडील राजमल्लू अजून हातमागावर बसत होते. त्यांनी दोन बांगड्या विणून दिल्या. त्यांतली एक सात रस्त्याजवळच्या टायरच्या दुकानात नेऊन तिच्यावर रबराचे तीन थर चढवून घेतले. काळे रबर घेतले नाही, कारण त्यातल्या काजळीतून वीज वाहते. पांढरट रबर मुद्दाम मुंबईहून आणवले. इतकी काळजी घेतली होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी, यादगिरीने खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावला. सगळा अंधार करून यंत्र चालवले म्हणजे वीज कुठून निसटते ते दिसते. डोळे अंधाराला सरावेपर्यंत तो आणि सिद्रामप्पा भिंतीशी उभे राहिले. मग पट्ट्याच्या दोन्ही कडांना दोन जांभळट रेघा दिसू लागल्या. त्या वरपासून खालपर्यंत सलग होत्या आणि अगदी सरळ होत्या. गळती अशी सरळ नसते. यादगिरीने असल्या दोन रेघा लहानपणापासून हजारो कापडांवर पाहिल्या होत्या.

त्याने मोटर बंद केली, गोळ्यातला भार काढून टाकला आणि ब्लेडने पट्ट्याच्या कडेचे रबर खरवडले. आत जरीचे चार धागे होते. दुसऱ्या कडेलाही चार. जरीत तांब्याची बारीक तार असते. पट्टा जो भार वर नेत होता, तो या धाग्यांवरून लगेच खाली परत येत होता.

"काय घावलं, सर?"

"काठ."

"पट्ट्याला?"

"हो."

"मग कुटंतरी पदर बी असंल. बगा की."

यादगिरीने हेरलेकरांना सांगितले. ते म्हणाले, "वडिलांना सांगितलं नव्हतंत का?"

"सूत कुठलं ते सांगितलं, रुंदी सांगितली. बंद विणायचं तेही सांगितलं. काठ घालू नका हे सांगायचं सुचलं नाही."

ते खरे होते. बोद्धूलांच्या घरात कापड म्हणजे काठ असलेलेच कापड. ती गोष्ट यादगिरीच्या इतकी अंगवळणी पडली होती की ती वेगळी म्हणून त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

कडा कापून पाहिल्या. कापलेल्या कडेचे सूत फिरताना उसवू लागले आणि दोन दिवसांत पट्टा रुळात गुंतून फाटला. दुसरी बांगडी शिल्लक होती, पण तिलाही काठ होताच आणि काठ काढला तर ती रुळाला पुरत नव्हती. समितीला दोन आठवडे उरले होते.

"आता गाड्या वेळेवर धावत्यात म्हनं," सिद्रामप्पा म्हणाला. "म्हंजे कमिटी बी वेळेवर येनार. आपलाच पट्टा तेवडा वेळ बगंना."

त्या संध्याकाळी यादगिरी घरी गेला. घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत माग होता आणि त्याच्यावर दुपदरी ताणा, म्हणजे उभे सूत, अजून बसलेला होता. घरातले बोलणे तेलुगूत चाले. इथे ते मराठीत दिले आहे; वडिलांना म्हणायचा 'नायना' तेवढा तसाच ठेवला आहे.

"काठ कशाला घातलात, नायना?"

राजमल्लू कांडी भरत होता. तो त्रेसष्ट वर्षांचा होता. त्याने मान वर केली नाही.

"म्हणजे काय? कापड आहे ना ते?"

"यंत्राचं आहे. कुणी अंगावर घेणार नाही."

"नाही घेणार. पण उतरतंय तर माझ्या मागावरून. आणि दुकानातली जर नाही वापरली, मी जपून ठेवलेली होती ती घातली. तुझं काम म्हणून."

यादगिरीने जरीमुळे काय झाले ते सांगितले. राजमल्लूने ऐकून घेतले. वाईट वाटल्याचे त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

"मग रेशमाचा काठ घालतो. नुसता रंगीत. त्यात तार नसते."

"रंगातही काय काय असतं. उरलेत थोडे दिवस, मला आता काही शंका ठेवायची नाही. पांढरं सूत. काठ नको, रेघ नको, काही नको."

कांडीचे चाक थांबले.

"बिनकाठाचं पांढरं कशाला लागतं ते ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"मग माझ्याकडे मागू नकोस."

आई चंद्रव्वा आतून म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या बापाला सांग."

या घरात बिनकाठाचे पांढरे कापड एकदाच विणले गेले होते. सतरा वर्षांपूर्वी राजमल्लूने जखमेच्या पट्ट्यांसाठी लागणाऱ्या साध्या कापडाचे काम धरले होते. मजुरी बरी होती. ते काम चालू असताना थोरला मुलगा अंजय्या काविळीने गेला. तो एकोणीस वर्षांचा होता. त्या दिवशी पेठ बंद होती, कापडाचे एकही दुकान उघडे नव्हते. तेव्हा मागावरचेच कापड कापून त्याच्यावर घातले. राजमल्लूने ते काम दुसऱ्याच दिवशी परत केले आणि त्यानंतर साधे पांढरे कापड मागावर चढवले नाही. त्याचे म्हणणे असे की, कापड आधी विणले गेले आणि मुलगा मागाहून गेला. म्हणजे कापडाने माणूस मागून घेतला. हे तो कुणाला पटवून द्यायला जात नसे. त्याच्याकडे साध्या कापडाचे गिऱ्हाईक आले तर नाही म्हणायचा.

यादगिरीने पेठेत आणखी तीन-चार ठिकाणी विचारले. दुपदरी ताणा नव्याने भरायलाच त्यांना पंधरा दिवस हवे होते. भरलेला ताणा एकाच मागावर होता.

रविवारी सकाळी राजमल्लू मार्कंडेयाच्या देवळात गेला तेव्हा यादगिरी मागावर बसला. कॉलेजात जाईपर्यंत तो रोज दोन तास विणत असे. हाताची सवय पूर्ण गेलेली नव्हती, पण दुपदरी कापड त्याने कधी विणले नव्हते. चंद्रव्वा मागच्या दारात येऊन उभी राहिली, आणि आत गेली. राजमल्लू परत आला तेव्हा चार बोटे कापड झाले होते. कपाळाला अंगारा लावलेला तो मागाकडे पाहत उभा राहिला.

"ऊठ."

"मला येतं, नायना."

"येतं ते दिसतंय. एका अंगानं ताणलंय, एका अंगानं सैल."

"चालेल तेवढं."

"चालेल कसं? यंत्रात फाटलं तर पुन्हा विणायला बसशील." तो थोडा थांबला. "आणि असलं कापड आपलं आपण विणत नसतात. ऊठ म्हणतो ना."

यादगिरी उठला. राजमल्लूने मुलाने विणलेले चार बोटे कापड कापले आणि चुलीत घातले. मग मागावर बसला. चंद्रव्वाने अंगावर पदर घेतला आणि ती शेजारच्या गुरम्माकडे गेली. काम संपेपर्यंत आली नाही. धोट्याचा आवाज दुपारभर एका लयीत चालू होता. यादगिरी दाराशी बसून होता. वडिलांना पाणी हवे का असे त्याने दोनदा विचारले. राजमल्लूने मानेने नको म्हटले.

कापड उतरवून त्याने ते मुलाच्या हातात दिले नाही, जमिनीवर ठेवले. मग नळावर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या अंगाने येऊन विचारले, "यंत्रावर कधी चढणार हे?"

यादगिरीला बरे वाटले. आपल्या कामाबद्दल वडिलांनी स्वतःहून काही विचारल्याचे त्याला आठवत नव्हते.

"रबर वाळायला आठवडा जाईल. समिती सतरा तारखेला, मंगळवारी आहे. मंगळवारी सकाळीच चढवावं लागेल. तुम्ही या ना बघायला. मी रिक्षा पाठवतो."

"मंगळवार," राजमल्लू म्हणाला. येतो असे तो म्हणाला नाही.

सतरा फेब्रुवारीला सकाळी पट्टा चढला. समितीचे तिघे जण दुपारी आले. त्यांना विटांच्या आडोशामागे उभे केले, कारण झोत पडद्यावर आदळतो तेव्हा क्ष-किरण निघतात. पडदा सरळ न पाहता आरशात पाहायचा होता. हेरलेकरांनी खोकून घसा साफ केला आणि यंत्राची माहिती सांगायला सुरुवात केली. यादगिरीने मोटर चालू केली. काटा चाळीस हजारांवर आला आणि पुढे गेला. एक लाख. दोन लाख. हेरलेकरांचे बोलणे मध्येच थांबले. दोन लाख ऐंशी हजारांवर काटा स्थिर झाला. यादगिरीने इलेक्ट्रॉन सोडणारी नळीतली वरची तार तापवली आणि आरशात ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका उमटला.

सिद्रामप्पाने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"पट्टा कुठला?" समितीच्या अध्यक्षांनी विचारले.

"इथलाच, सर. माझ्या वडिलांनी विणला."

"म्हणजे सोलापुरी चादरच की ही."

सगळे हसले. अध्यक्ष पुन्हा आरशाकडे वळले. "ठिपका चांगला आहे. पण नुसत्या ठिपक्यावर मला काही लिहिता येणार नाही. आम्ही उद्या दुपारपर्यंत आहोत. चुंबक लावा, झोताची रुंदी मोजून दाखवा. ती तुमच्या गणिताशी जुळली तर मी शिफारस करतो."

पाहुणे गेल्यावर हेरलेकरांनी पेढे आणवले. राजमल्लू आला नव्हता. यादगिरीने एक पुडा घरासाठी घेतला आणि सायकल काढली.

गल्लीत वळताना त्याला मागाचा आवाज आला नाही. दारात आई बसली होती. तिचे केस ओले आणि मोकळे होते. गुरम्मा तिच्या घरून भाताचे पातेले घेऊन आली होती आणि ते पायरीवर ठेवून उभी होती.

"आत जाऊ नको," गुरम्मा म्हणाली. "सुतक धरलंय."

"कुणाचं?"

"अंजय्याचं."

"अंजय्याला जाऊन सतरा वर्षं झाली."

"मला काय विचारतोस? तुझ्या नायनाला विचार. सकाळी चूल विझवली, दोघांनी आंघोळी केल्या. मी आपली भात घेऊन आले. मेल्या घरी चूल नसली तर शेजाऱ्यानं द्यावं लागतं."

राजमल्लू आतल्या खोलीत जमिनीवर बसला होता. तो तिथूनच बोलला. "तिथंच थांब. उंबरा ओलांडू नकोस. चढलं का कापड?"

"चढलं."

"चाललं?"

"चाललं, नायना. पण हे काय चालवलंय तुम्ही?"

"बिनकाठाचं कापड चढलं म्हणजे ते कुणाच्या तरी नावाचं पाहिजे. आपण नाव दिलं नाही तर ते आपलं आपण शोधतं. मी अंजय्याचं नाव दिलं. तो गेलेलाच आहे. त्याला आणखी काय व्हायचंय?"

"असं काही नसतं."

"नसलं तर बरंच आहे."

"मग मीही बसतो. भाऊ आहे मी त्याचा."

"तू बसायचं नाहीस," राजमल्लूचा आवाज पहिल्यांदा चढला. "तू यात शिवलास की ते तुझ्याकडे आलं. मग हे सगळं कशासाठी केलं मी? दहा दिवस इकडं फिरकू नकोस. कॉलेजात झोप. उद्या काय आहे तुझं?"

"मोजणी आहे. तिच्यावरच सगळं ठरायचंय."

"मग जा. मोज."

यादगिरीने आईकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"माझा पोरगा तुझ्या यंत्रापायी दोनदा गेला," ती म्हणाली. ओरडून नाही, भात किती आणला असे गुरम्माला विचारावे तशा आवाजात.

पेढ्यांचा पुडा त्याच्या हातातच होता. सुतकाच्या घरात तो ठेवता येणार नव्हता. तो पुडा घेऊन तो परत फिरला.

दुसऱ्या दिवशी रुंदी गणिताशी जुळली. अध्यक्षांनी दोन प्रश्न विचारले आणि उत्तरे ऐकून समाधान झाल्याचे सांगितले. त्यांच्या शिफारशीने अनुदान पुढे तीन वर्षे चालू राहिले. त्यानंतरचे आठ-दहा दिवस हवा कोरडी होती आणि पट्टा एकदाही अडला नाही. प्रबंधात यादगिरीने जी मोजमापे दिली, त्यांतली बहुतेक याच दिवसांतली आहेत. तो विभागातच एका टेबलावर झोपत असे. सिद्रामप्पा घरून डबा आणी आणि समोर बसून तो संपवून घेई.

चौथ्या दिवशी यादगिरी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. रीतीप्रमाणे पेठेतली माणसे भेटायला येत होती. सतरा वर्षांपूर्वी जी आली होती, त्यांतली बरीचशी पुन्हा आली, आता म्हातारी होऊन. पुरुष राजमल्लूशेजारी बसत आणि पानसुपारी न घेता उठून जात. दोन पोरी तोंडावर हात धरून हसत होत्या. त्यांना कुणीतरी दटावले. बायका आल्या की चंद्रव्वाला रडावे लागे. सुरुवात ती रीतीसाठी करी. मग ते थांबत नसे, आणि आलेल्या बायकांना उठता येत नसे. यादगिरीने तो आवाज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभा राहून ऐकला आणि परत गेला.

दहाव्या दिवशी राजमल्लू तलावावर पिंड घेऊन गेला. बरोबर भावकीतले चौघे होते. सिद्रामप्पाला ते ठाऊक होते.

"सर, आज दहावा न्हवं? लांबनं तरी बगून या की. यंतर कुटं पळून जातंय?"

"त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलंय."

"त्ये खरं. पन..." त्याने पुढचे वाक्य सोडून दिले आणि पंपाचे तेल पाहायला गेला.

तलावावर काय झाले ते यादगिरीला संध्याकाळी गुरम्माच्या नवऱ्याकडून कळले. पिंड मांडल्यावर कावळे आले, पण शिवले नाहीत. चौघांनी जमेल ते बोलून पाहिले. तुझ्या आईला सांभाळू, तुझ्या धाकट्याचे लग्न करू. कावळे काठावर बसून राहिले. राजमल्लू उन्हात उभा होता. दुपार टळल्यावर इतरांनी पिंड गाईला घालायला लावला आणि त्याला हाताला धरून घरी आणले. वाटेत तो एकदाच बोलला: त्याने घेतलं नाही, म्हणाला. त्याचं नाही ते.

अकराव्या दिवशी चूल पेटली आणि यादगिरीला घरात घेतले. चंद्रव्वाने त्याला वाढले. माग तसाच होता. राजमल्लूने त्याच्यावर चादरीचा नवा ताणा चढवायला घेतला नाही, पुढेही घेतला नाही. मुलगा जेवत असताना तो समोर बसून पाहत राहिला. ठसका लागला तेव्हा तो उठून उभा राहिला.

"पाणी गेलं घशात," यादगिरी म्हणाला. "काही नाही."

"बरं," राजमल्लू म्हणाला, आणि उभाच राहिला.

मार्चपासून तो दुपारी कॉलेजच्या फाटकाशी येऊन बसू लागला. यंत्र कोणत्या दिवशी चालते ते त्याने शिपायाकडून काढून घेतले होते. त्याच दिवशी येई. आत यायला सांगितले तर येत नसे. यंत्र पाहायचे नाही म्हणे. चहा पाठवला तर घेई. मुलगा बाहेर आला की त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहून सायकलच्या मागे मागे चालू लागे. यादगिरीला मग सायकल हातात धरून चालावे लागे. विभागातल्या मुलांनी यावरून एक-दोन विनोद केले. हेरलेकरांनी एकदा सुचवले, "बोद्धूल, वडिलांना डॉक्टरांना दाखवा." यादगिरी म्हणाला, "दाखवलं, सर. तब्येत चांगली आहे त्यांची."

एप्रिलमध्ये ऊन चढल्यावर सिद्रामप्पाने फाटकाशी एक बाकडे नेऊन ठेवले. राजमल्लू त्याच्यावर बसला नाही. बाकड्याच्या सावलीला, जमिनीवर बसला.

त्या दिवशी झोत विशेष स्थिर होता. सिद्रामप्पा आडोशापाशी येऊन उभा राहिला.

"सर, नायना आल्यात. लई ऊन हाय भाईर. बंद करू का?"

यादगिरीने आरशातल्या ठिपक्याकडे पाहिले.

"अजून दोन रीडिंग घेऊ," तो म्हणाला.